प्रियांकाची नडगी

'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द सकुबाईच्या तोंडात नीट बसायला चार वर्षं लागली. म्हणजे नम्रताचं शिक्षण जेवढं चाललं, जवळपास तेवढीच. आधी ती नुसतं 'फिजो' म्हणायची, मग 'फिजोथेरपी'. पण एकदा सगळा शब्द बसला, तसा तिनं तो पुन्हा कधी अर्धा टाकला नाही. वाडीत कुणी विचारलं, "तुझी पोर काय करते गो?" की सकुबाई हातातलं काम थांबवायची, पदर सावरायची आणि पुरा शब्द म्हणायची. अडचण पुढच्या प्रश्नाला व्हायची. म्हणजे नक्की काय करते? सुई नाय, गोळी नाय, कापाकापी नाय, मग डॉक्टर कसली?

तिला स्वतःलाच ते धड ठाऊक नव्हतं.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या पुढं डोंगराच्या अंगाला ते गाव. गाव ओढ्याच्या अलीकडं आणि वाडी पलीकडं. वाडीला जमीन नव्हती. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कड्या लागायच्या आणि माणसं वीटभट्टीवर जायची. सकुबाईचा नवरा धाऊ अजून जायचा. ती तीन वर्षांमागं थांबली होती, कारण डावा पाय साथ देईना. ती आता गावातल्यांच्या शेतावर लावणी-कापणीला जायची. नम्रता आश्रमशाळेत शिकली, वसतिगृहात वाढली आणि आता शहापूरला एसटी स्टँडामागच्या एका गाळ्यात तिनं आपला दवाखाना थाटला होता. रविवारी तेवढी घरी यायची.

त्या वर्षी कापणीला सकुबाई मंगेशच्या शेतावर होती. मंगेश गावातला बऱ्यापैकी भात पिकवणारा माणूस. त्याची थोरली पोर प्रियांका पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे अंधारातच ती म्हशाच्या रस्त्यानं धावत सुटायची, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी ती शेतावर चहा घेऊन आली. सकुबाईनं विळा थांबवला आणि तिच्या चालण्याकडं बघितलं. पोर डावा पाय टेकवत नव्हती, नुसता लावून उचलत होती.

"काय गो, पायाला काय झालं?"

"काय नाय मावशी. नडगी दुखते. तेल चोळून घेतलं, पट्टी बांधली, तरी जात नाय."

"किती दिस?"

"महिना झाला."

"मग आमच्या नम्रताला दाखव की."

बांधावर बसलेला मंगेश हसला. तो वाईट माणूस नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. "सकू, पाय दाबून घ्यायला शहापूरला कशाला जायचं? गावात कमी का लोक हायेत?"

बाकीच्या बायका हसल्या. सकुबाईनं पेंढी बांधली, बाजूला टाकली आणि भाताच्या पुढच्या चुडाला हात घातला. तिच्या मनाला ते लागलं. पण त्याहून जास्त हे लागलं, की त्याला उत्तर देण्याएवढंही आपल्याला माहीत नाही.

प्रियांकानं मात्र ऐकलं होतं. दोनच दिवसांनी तिची आई सारिका संध्याकाळी ओढ्यापर्यंत आली आणि तिथूनच हाक मारून म्हणाली, "सकू, उद्या येतेस का गो आमच्याबरोबर? आमाला दवाखाना माहीत नाय."

तिघी म्हशाहून मुरबाड आणि मुरबाडहून शहापूर अशा दोन एसट्या बदलून पोचल्या. सकुबाईनं लेकीला पोळ्या लाटताना, पुस्तकं वाचताना बघितलं होतं. काम करताना कधीच बघितलं नव्हतं. नम्रता पांढरा कोट घालून बाहेर आली, आईकडं बघून डोळ्यांनीच हसली आणि लगेच प्रियांकाकडं वळली. पहिल्यांदा तिनं पायाला हातच लावला नाही. बूट मागितले. उलटे करून तळवे बघितले.

"कधी घेतलेस?"

"दोन वर्षं झाली, ताई."

"धावायला कधी लागलीस? किती धावायचीस?"

"जुलैत दोन किलोमीटर. आता आठ."

"डांबरी रस्त्यावरच? रोज? एकही दिवस सुट्टी नाही?"

"सुट्टी घेतली तर मागं पडते नं."

मग नम्रतानं अंगठा प्रियांकाच्या नडगीवर ठेवला आणि घोट्याकडून वर, हाडाच्या आतल्या कडेनं, एकेक बोट सरकवत नेला. मध्ये एका जागी ती थांबली. तिथं जरासं दाबलं. प्रियांकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता उभी राहा. डाव्या पायावर लंगडी घाल."

पहिली उडी बसली. दुसऱ्या उडीला पोरीचा चेहरा पिळवटला.

"बस. पुरे."

सकुबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होती. त्या अंगठ्याला नेमकी जागा कशी कळली, ह्याचं तिला फार नवल वाटलं. रानात वीस काटक्यांतली ओली काटकी आपल्याला न बघता कळते, तसंच हे. पण ही विद्या आपल्या पोरीच्या हातात आली कधी?

शेजारच्या दवाखान्यातून एक्स-रे काढून आणला. त्यात चीर दिसली नाही. "आज दिसत नाही," नम्रता म्हणाली, "पण हाड दमलंय. अशीच धावली तर चिरेल. मग सहा महिने घरी."

"हाड दमतं?" सारिकानं विचारलं.

"दमतं काकी. धावताना ते जरा जरा झिजतं आणि विश्रांतीत भरून निघतं. हिनं भरायला वेळच दिला नाही. आता चार आठवडे धावणं बंद. पोटऱ्या, मांड्या, कंबर बळकट करायची, म्हणजे पुढच्या वेळी सगळा भार एकट्या हाडावर यायचा नाही. पोटभर जेवायचं, नाचणी, अंडी, काही सोडायचं नाही. आणि झोप."

"भरती फेब्रुवारीत हाय, ताई!" प्रियांका रडकुंडीला आली.

"म्हणूनच आता थांबायचं."

व्यायाम कागदावर लिहून झाले. नम्रतानं कागद प्रियांकाला दिला, मग परत घेतला. तिनं पोरीला ओळखलं होतं. ही घरी गेली की चौथ्या दिवशी बूट घालणार. "रोज हे कुणासमोर तरी करायचं," ती म्हणाली. "माझी आई बघेल. हिचा डोळा चुकत नाही."

सारिकाच्या कपाळाला आठी पडली. गावातली पोर वाडीत रोज जाणार? सकुबाईची छाती मात्र आतून भरून आली होती.

दुसऱ्या दिवसापासून प्रियांका सकाळी सातला ओढा ओलांडून येऊ लागली. सकुबाईनं अंगण सारवून ठेवलं, गोधडी पसरली. नम्रतानं मोबाइलवर पाठवलेले व्हिडिओ तिनं रात्री दहा-दहा वेळा बघितले होते. लिहिता-वाचता येत नसलं तरी डोळे होते. ओट्याच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर उचलायच्या आणि हळूहळू खाली न्यायच्या. उताणं झोपून, गुडघे मोडून, कंबर पुलासारखी वर धरायची. एका पायावर उभं राहून डोळे मिटायचे. सकुबाई बोटांच्या पेरांवर मोजायची आणि तोंडानं बोलत राहायची.

"टाच पडली गो! पडू द्यायची नाय, ठेवायची. पाळण्यात पोर ठेवतात तशी. परत."

"मावशी, वीस झाले."

"अठरा झाले. दोन चोरलेस ते मोजत नाय मी."

वाडीतली पोरं भोवती जमायची, तीही एका पायावर उभी राहायची आणि धपाधप पडायची. आठवडाभरात प्रियांकाची लाज मोडली.

नम्रता रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, दहापैकी दुखणं किती? ते दहापैकी काही सकुबाईला रुचलं नाही. तिनं आपलं माप काढलं. "आज काय? मुंगी, डास, का विंचू?" पहिल्या दिवशी विंचू होता. सातव्या दिवशी डास. दहाव्या दिवशी मुंगी झाली, तेव्हा सकुबाईनं फोनवर ती बातमी अशी सांगितली, जशी काही घरात सोयरीक जमली.

आणि तिसऱ्या आठवड्यात परत विंचू.

सकुबाई तडकली. "धावलीस नं?"

"आईशप्पथ नाय, मावशी."

"मग दुखतं कसं?"

सकुबाईचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती शाल गुंडाळून म्हशाच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दुधवाला गेला, पहिली एसटी गेली, पोर काही आली नाही. मग ही खरं बोलते. पण नडगीही खोटं बोलत नाही.

व्यायाम उरकून प्रियांका घरी गेली, तशी सकुबाई तिच्या मागोमाग निघाली. मंगेशच्या शेतावर भात वाहण्याची घाई चालली होती. कापून वाळलेल्या भाताचे भारे डोक्यावरून खळ्यावर नेऊन त्यांची उंच उडवी रचायची होती. ओळीत चार माणसं होती आणि चौथी प्रियांका. सकुबाई बोरीच्या सावलीत उभी राहून बघत राहिली. पोर भारा घेऊन यायची, बांधावर चढायची आणि बांधावरून खाली उतरायची. उतरताना दर वेळी डावा पाय पुढं. डोक्यावरच्या ओझ्यासकट सगळा भार थाडकन त्या एका पायावर.

सकुबाईच्या स्वतःच्या डाव्या नडगीतून कळ गेली. तीस वर्षं ती अशीच उतरली होती. ओझं डोक्यावर असलं की पाय बदलायचं भान राहत नाही. जो पाय एकदा पुढं पडला तोच जन्मभर पडतो. भट्टीवर, शेतावर, मोळी आणताना. तिचा पाय का गेला, हे तिला त्या बोरीखाली उभं असताना उमगलं.

ती सरळ खळ्यावर गेली. "मंगेशभाऊ, पोरीच्या डोक्यावरचा भारा उतरवा."

"का? काय झालं?"

"ह्यानंच दुखतं तिला."

मंगेश वैतागला. घामानं डबडबलेला होता. "तुझ्या पोरीनं सांगितलं धावू नको. नाय धावत. भारा उचलू नको असं कुठं सांगितलं? आन सकू, माणूस मिळत नाय. तुमची अर्धी वाडी भट्टीवर. चार दिवसांचं काम हाय."

सकुबाईनं कमरेचा मोबाइल काढला, नम्रताला लावला आणि आवाज मोठा केला. खळ्यावरची माणसं थांबली. सकुबाईनं जे बघितलं ते सगळं सांगितलं. नम्रतानं पलीकडून विचारलं,

"आये, शेतापासून खळ्यापर्यंत बांध किती?"

"सात."

"दिवसाच्या खेपा?"

"वीस-बावीस असतील," प्रियांका हळूच म्हणाली.

"म्हणजे दीडशे वेळा," नम्रताचा आवाज आला. "ओझं घेऊन दीडशे वेळा त्याच पायावर. ह्यापेक्षा ती धावली असती तर बरं." मग ती म्हणाली, "आये, चुकलं माझं. धावण्याचं सगळं विचारलं मी. घरी काय उचलते हे विचारलंच नाही. काका, तिला भारे देऊ नका. आजपासूनच. दोन आठवडे मागं गेलो आपण, पण हाड वाचलं."

सगळ्यांसमोर लेकीनं चूक कबूल केली, ह्याचं सकुबाईला वाईट वाटेल असं कुणालाही वाटलं असतं. तिला उलटंच वाटलं. ज्याला आपलं काम येतं त्यालाच 'चुकलं' म्हणता येतं. तिनं फोन बंद केला आणि मंगेशकडं बघत उभी राहिली. मंगेशनं मान खाली घातली. मग पोरीच्या डोक्यावरचा भारा दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या डोक्यावर घेतला.

त्या रविवारी नम्रता घरी आली ती वही घेऊनच. आईला भारा घेऊन बांधावरून उतरायला लावलं, तिचं मोबाइलवर शूटिंग केलं, पुन्हा पुन्हा थांबवून बघितलं. मग ओट्यावर बसवून आईचा डावा पाय आपल्या मांडीवर घेतला. तोच अंगठा, तशीच एकेक बोट वर सरकत गेलेली वाट.

"इथं?"

"हां. तिथंच."

"किती वर्षं दुखतंय?"

"तू चौथीत होतीस तेव्हापास्नं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाय."

नम्रता बराच वेळ तो पाय तसाच धरून बसली. मग म्हणाली, "उद्यापासून तूही टाचा उचलायच्या. तिच्याबरोबर." आणि वहीच्या पहिल्या पानावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, की यापुढं येणाऱ्या प्रत्येक माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा. ते सकुबाईला वाचता आलं नाही, पण नम्रतानं वाचून दाखवलं, 'घरी काय उचलता?', तेव्हा ती लाजली.

डिसेंबरच्या मध्याला प्रियांका परत धावली. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. रस्त्यावर नाही, म्हशाच्या माळावर, मातीवर. नवे बूट मंगेशनं मुरबाडहून आणून दिले. पावलं आधीपेक्षा आखूड आणि भराभर टाकायची, एक दिवस धावायचं, एक दिवस नाही. सकुबाई कडेला उभी राहून पावलांचा आवाज ऐकायची. दोन्ही पायांचा आवाज सारखा आला पाहिजे, हे तिनं स्वतःच शोधलं होतं. कधी डावा हलका पडला की ती लांबूनच ओरडायची, "थांब! आज बस!" पोर चरफडायची, पण थांबायची. म्हशाची जत्रा भरली तेव्हा मैत्रिणींबरोबर दिवसभर उभी राहून, पाळण्यात बसून ती दमून आली, तर दुसऱ्या दिवशी सकुबाईनं तिला धावूच दिलं नाही. "हाडाला काय माहीत, तू जत्रेत फिरलीस का रस्त्यावर," ती म्हणाली. नम्रतानं ते ऐकलं आणि म्हणाली, "आये, हे मी पेशंटांना सांगणार."

जानेवारी संपता संपता विंचू नाही, डास नाही, मुंगीही नाही. जिना उतरताना नाही, लंगडी घातल्यावर नाही.

भरतीच्या दिवशी नम्रताला दवाखाना सोडता येईना. प्रियांका म्हणाली, "मावशी येणार असेल तर मी जाते." म्हणून मंगेश आणि सकुबाई तिच्याबरोबर ठाण्याला गेले. आत फक्त उमेदवार. आईबाप सगळे भिंतीच्या बाहेर, फुटपाथवर उन्हात. मंगेश येरझाऱ्या घालत होता. आतून शिट्टी ऐकू आली की तो थांबायचा. सकुबाई भिंतीला टेकून बसली होती. दिसत काहीच नव्हतं. आठशे मीटर म्हणजे किती, हे तिला आता पावलांत माहीत होतं. प्रत्येक शिट्टीनंतर ती मनात पोरीला धाववायची.

दुपारी फाटकातून पोरी बाहेर येऊ लागल्या. कुणी रडत, कुणी एकमेकींच्या खांद्यावर. कितीतरी लंगडत होत्या. कुणी नडगी धरून बसली, कुणी गुडघा. प्रियांका दिसली तशी मंगेश पुढं धावला आणि तिचा चेहरा वाचू लागला. सकुबाईनं चेहऱ्याकडं बघितलंच नाही. ती पायांकडं बघत होती. डावा, उजवा, डावा, उजवा. पाय पुरा टेकत होता. टाच पडत नव्हती, ठेवली जात होती.

तिनं डोळे पुसले. मग वर बघितलं.

"दोन शेहेचाळीस!" प्रियांका ओरडली. "मावशी, दोन मिनिटं शेहेचाळीस! दुखायच्या आधी मी तीनच्या आत कधी आले नव्हते!"

मंगेशनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग शेजारी एक बाप आपल्या लंगडणाऱ्या पोरीला आधार देत उभा होता, त्याच्याकडं वळला. "शहापूरला दाखवा हिला," तो म्हणाला. "एसटी स्टँडाच्या मागं. नम्रता मॅडम. फिजिओथेरपिस्ट हायेत." आणि सकुबाईकडं हात करून, "ह्या त्यांच्या आई."

सकुबाईनं पदर सावरला आणि त्या माणसाला दवाखान्याची वाट सांगितली, कुठली एसटी, कुठं उतरायचं, रविवारी बंद, सगळं.

एप्रिलमध्ये यादी लागली आणि प्रियांकाचं नाव तीत होतं. त्या वेळेपर्यंत सकुबाईच्या अंगणात दर रविवारी सकाळी चौदा-पंधरा पोरं-पोरी यायला लागली होती. गावातली, वाडीतली, दोन तर म्हशाहून सायकलवर. दुखायला लागल्यावर नव्हे, आधीच. नम्रता त्यांना शिकवायची, कुणाचे बूट तपासायची, कुणाला आठवड्याला किती वाढवायचं ते सांगायची. सकुबाई ओळीतून फिरत टाचा बघायची. धाऊ भट्टीवरून परतला तेव्हा त्याला आपल्याच अंगणात उभं राहायला जागा मिळेना. तो कुडाशी टेकून बायकोकडं बघत राहिला आणि शेजारच्या बारकूला म्हणाला, "ही बाय मी सोडून गेलो ती नव्हं रे."

यादी लागली त्याच संध्याकाळी मंगेश, सारिका आणि प्रियांका पेढे घेऊन वाडीत आले. सारिका ओढ्याशी थांबली नाही. आत आली, ओट्यावर बसली आणि सकुबाईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायली. रविवार होता, नम्रताही घरी होती. इकडचं तिकडचं झालं. मग सारिकानं नम्रताचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाय, तू आमची पोर उभी केलीस. तुझे उपकार फिटायचे नाय."

"आन मी?" सकुबाई चुलीपासून म्हणाली. "मी नाय का केली?"

सकुबाई गंभीर होती. मग मंगेश उठला, पेढ्यांचा पुडा उचलून तिच्यासमोर गेला आणि म्हणाला, "केली, सकुबाई. तुमीच केली. घ्या, पहिला तुमी घ्या."

सकुबाईनं दोन घेतले.